किमतीच्या वरचे तीन लाख: सोलापुरात पहिलं घर घेण्याआधी मांडायचा हिशेब

माझी धाकटी बहीण सैफुलच्या पुढे एक फ्लॅट बघून आली. रविवारी घरी आली तेव्हा पर्समधून वहीचं पान काढलं. किंमत २६ लाख. बँक २० लाख ८० हजार देणार. म्हणजे आपण उभे करायचे ५ लाख २० हजार. भिशीचे आहेत, भाऊजींच्या पीएफमधून थोडे निघतील, एक एफडी मोडायची. हिशेब जुळला म्हणून ती आनंदात होती, आणि त्याच आठवड्यात विसार, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, द्यायचा म्हणत होती.

मी ते पान उलटं केलं आणि मागच्या बाजूला आमच्या घराचा खर्च लिहून दिला. तो बघून ती गप्प झाली. तिच्या पानावर नसलेली रक्कम जवळजवळ तीन लाखांची होती, आणि ती कर्जातून मिळत नाही, रोख लागते. तिच्यासाठी लिहिलं तेच इथे सविस्तर लिहिते आहे, कारण पहिलं घर घेणाऱ्या बहुतेकांच्या पानावर हा आकडा नसतो.

आम्ही एप्रिल २०२५ मध्ये जुळे सोलापुरात दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते, त्यामुळे प्रत्येक पावती फाइलला लावायची सवय आहे. करारातली किंमत ३० लाख. त्याखेरीज गेलेले पैसे असे:

मुद्रांक शुल्क १,५६,०००
नोंदणी फी ३०,०००
जीएसटी ३०,०००
कर्जाच्या गहाणाचं मुद्रांक शुल्क ७,२००
बँकेची प्रोसेसिंग फी, जीएसटीसह ७,०८०
वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या कागदांची तपासणी) आणि व्हॅल्युअर (घराचं मूल्य काढणारा) ८,५००
दस्ताच्या पानांचं हाताळणी शुल्क, टायपिंग, गहाणाच्या नोटिशीची फी मिळून ३,०००
बिल्डरकडे एक वर्षाचा मेंटेनन्स २४,०००
वीज मीटर, सोसायटी स्थापना आणि इतर आकार ४५,०००

बेरीज ३,१०,७८०. किमतीच्या दहा टक्क्यांहून थोडी जास्तच. यात ग्रिल, पाण्याची टाकी, पंखे आणि वास्तुशांत धरलेली नाही. कर्ज २४ लाख मिळालं, म्हणजे स्वतःचे ६ लाख आणि हे ३ लाख १० हजार, असे एकूण ९ लाखांच्या वर रुपये आम्हाला हातात लागले. तीस लाखांच्या घराला सहा लाख पुरतील या समजुतीवर आम्ही राहिलो असतो, तर रजिस्ट्रीच्या आदल्या दिवशी कोणापुढे तरी हात पसरावा लागला असता.

बँक हे पैसे का देत नाही, हे बहिणीने विचारलं. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या मूल्याच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के. हे मूल्य मोजताना मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च धरायचा नसतो. सूट फक्त १० लाखांपर्यंतच्या घरांना आहे. नव्वद टक्के ही वरची मर्यादा आहे, हक्क नाही. आम्हाला ८० टक्केच मिळाले, बहिणीलाही तितकेच मिळताहेत.

मुद्रांक शुल्क: दर सोपा, रक्कम अवघड

सोलापूर महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क ५ टक्के आणि त्यावर स्थानिक संस्थेचा १ टक्का अधिभार, असे ६ टक्के होतात. आम्हाला त्यात एक टक्का सवलत मिळाली, ती कशी ते पुढे सांगते. पुण्यात मेट्रोचा आणखी एक टक्का लागतो. आपल्याकडची पुष्कळ मुलं पुण्यात नोकरीला आहेत, ती मोबाइलवर पुण्याच्या दराने ७ टक्के काढून आईवडिलांना पाठवतात. इथे तो सातवा टक्का नाही.

नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. तीस लाखांच्या पुढे घर कितीही महाग असलं तरी फी तितकीच राहते.

अवघड भाग असा, की हे टक्के कराराच्या किमतीवर लागतातच असं नाही. शासन दर वर्षी बाजारमूल्याचे तक्ते काढतं, ज्याला सगळे रेडी रेकनर म्हणतात. त्यानुसार येणारं मूल्य आणि करारातली किंमत, यांतलं जे जास्त असेल त्यावर शुल्क. १ एप्रिल २०२५ पासून जे नवे दर आले त्यात राज्यातल्या महापालिकांमध्ये सर्वांत जास्त वाढ सोलापूरची होती, १०.१७ टक्के. राज्याची सरासरी वाढ ३.८९ टक्के होती आणि पुण्याची ४.१६. बाहेरच्या लोकांना सोलापूर म्हणजे चादरी, शेंगाचटणी आणि पाण्याची टंचाई. जागेच्या सरकारी दरात आपण पुण्यामुंबईच्या पुढे वाढलो, हे इथल्याही फार थोड्यांना माहीत आहे.

ही वाढ आम्हाला थेट लागली. मार्चमध्ये आमच्या फ्लॅटचं सरकारी मूल्य २८ लाख ५० हजार येत होतं, म्हणजे शुल्क कराराच्या ३० लाखांवरच बसलं असतं. पण माझ्या पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. बँकेने आधी दोन्ही एक करून आणा म्हणून सांगितलं. त्यात मार्च संपला. एप्रिलमध्ये सरकारी मूल्य ३१ लाख २० हजार झालं आणि शुल्क त्यावर भरलं. सहा हजार रुपये जास्त गेले. लग्न झालेल्या प्रत्येक बाईला मी हे आधी सांगते: घर बघायला निघण्यापूर्वी पॅन, आधार आणि बँकेच्या पासबुकावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा. रजिस्टर ऑफिसच्या बाकावर बसून ही दुरुस्ती होत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट नंतर कळली. सह्या झाल्याच्या तारखेपासून चार महिन्यांत दस्त नोंदवता येतो. मूल्य सह्या ज्या दिवशी झाल्या त्या दिवसाचं धरतात. म्हणून ३१ मार्चच्या आत मुद्रांक शुल्क भरून करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या असत्या, तर नोंदणी मे महिन्यात केली असती तरी जुनेच दर लागले असते. नाव जुळवण्याचं काम नोंदणीपर्यंत होऊन गेलं असतं. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचं असतं हे आम्हाला माहीत नव्हतं. तुमचा व्यवहार फेब्रुवारी-मार्चमध्ये रेंगाळत असेल तर वकिलाला हा प्रश्न आजच विचारा.

सरकारी मूल्य करारापेक्षा जास्त आलं तर आणखी एक धोका असतो. हा फरक ५० हजारांहून जास्त आणि शिवाय कराराच्या किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त असेल, तर तो सगळा फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरून त्यावर प्राप्तिकर लागतो. आमचा फरक १ लाख २० हजार, म्हणजे ४ टक्के, म्हणून सुटलो. शहरात काही भाग असे आहेत की तिथे जुन्या इमारतीतला फ्लॅट सरकारी दराहून स्वस्त मिळतो. स्वस्त मिळाला म्हणून लगेच हो म्हणू नका. आधी मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर आपला विभाग काढून मूल्य बघा. ते बघायला पैसे पडत नाहीत.

कोणाच्या नावावर?

आमच्या घरी सगळ्यांत जास्त चर्चा यावर झाली. महाराष्ट्रात राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. ही सवलत एप्रिल २०२१ पासून आहे. आधी असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येत नसे, ती अट २०२३ मध्ये काढून टाकली. दोघी बहिणी किंवा आई-मुलगी मिळून घेत असतील तरी चालतं. पण नवऱ्याचं नाव मालक म्हणून एका ओळीत जरी आलं, की सवलत गेली. ही सवलत घरालाच आहे, मोकळ्या प्लॉटला नाही.

आमच्या घराला हा एक टक्का म्हणजे ३१ हजार २०० रुपये. सासूबाईंना मुलाचं नाव हवं होतं, आणि त्यांचा आग्रह मी समजू शकते. मुलगा आयुष्यभर हप्ते भरणार आणि कागदावर त्याचं नावच नाही, हे त्यांच्या पिढीला पटणं कठीण. माझे वडील यंत्रमागावर होते, भाड्याच्या खोल्यांत आमचं बालपण गेलं. आईने मात्र एका वाक्यात सांगितलं, "नावावर होतंय तर कशाला भिऊलालीस गं?" शेवटी निर्णय माझ्या नवऱ्यानेच घेतला, आणि तो भावनेवर नाही, हिशेबावर घेतला. तो हिशेब प्राप्तिकराचा आहे, म्हणून जरा पुढे मांडते.

इथे एवढं लक्षात ठेवा, की कर्जाला सहकर्जदार असणं आणि घराला सहमालक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवरा कर्जात असू शकतो आणि तरी घर एकट्या बायकोच्या नावावर राहू शकतं. बँकेला ते चालतं. पण मग नवऱ्याला त्या कर्जाच्या व्याजावर आणि मुद्दलावर करसवलत मागता येत नाही. त्यासाठी मालक आणि कर्जदार दोन्ही असावं लागतं.

जीएसटीच्या एका ओळीत एक लाख वीस हजार

बिल्डरने करारासोबत खर्चाचा तक्ता दिला त्यात जीएसटी ५ टक्के, दीड लाख रुपये, असं छापलेलं होतं. सगळ्या फ्लॅटना तोच तक्ता देत होते. मी रोज जीएसटीची बिलं बघते, म्हणून थांबले.

१ एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या घरांना दोन दर आहेत. परवडणारं घर असेल तर १ टक्का, नसेल तर ५ टक्के. परवडणारं कोणतं? किंमत ४५ लाखांपर्यंत, आणि कार्पेट क्षेत्र (घराच्या भिंतींच्या आतली प्रत्यक्ष वापराची जागा) महानगरांत ६० चौरस मीटरपर्यंत, इतर शहरांत ९० चौरस मीटरपर्यंत. सोलापूर महानगरांच्या यादीत नाही, म्हणून आपल्याला ९० चौरस मीटर, म्हणजे साधारण ९६८ चौरस फूट कार्पेट. आमचा फ्लॅट कार्पेट ६२ चौरस मीटर आणि किंमत इतर आकार धरूनही ४५ लाखांच्या खूप खाली. दर १ टक्काच लागणार.

मी हे लेखी दिलं. दोन दिवसांनी तक्ता बदलून आला. दीड लाखांचे तीस हजार झाले. त्या इमारतीत बहुतेक फ्लॅट आमच्याच मापाचे आहेत, आणि किती जणांनी ५ टक्के भरले असतील याचा विचार आजही मनातून जात नाही. म्हणूनच सांगते, सोलापुरात ४५ लाखांच्या आतलं दोन बेडरूमचं घर घेताना कोणी ५ टक्के जीएसटी लावला असेल, तर सही करण्याआधी कार्पेटचं माप विचारा. बिल्टअप किंवा सेलेबल नाही, कार्पेट.

आणखी एक. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, आल्यानंतर संपूर्ण रक्कम दिली तर जीएसटी लागतच नाही. आम्ही जानेवारीत एक लाख विसार दिला तेव्हा प्रमाणपत्र आलेलं नव्हतं, ते फेब्रुवारीत आलं. त्या एका लाखामुळे पूर्ण किमतीवर १ टक्का द्यावा लागला. इमारत रंगवून तयार असेल आणि बिल्डर प्रमाणपत्र महिन्याभरात येईल म्हणत असेल, तर विसाराला तेवढं थांबता येतंय का बघा. जुना फ्लॅट दुसऱ्या मालकाकडून घेत असाल तर जीएसटीचा प्रश्नच नाही.

विसाराबद्दलही एक नियम माहीत असावा. बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या रेरा कायद्यात करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. पाच लाख आणा, दहा लाख आणा, मग अग्रीमेंट करू, असं म्हणणाऱ्याला हे कलम दाखवा. कलम १३. इमारतीचा महारेरा क्रमांक संकेतस्थळावर टाकून बघा. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवर किंवा आठ फ्लॅटपर्यंतच्या इमारतीला रेराची नोंदणी सक्तीची नाही, आणि आपल्याकडे अशा छोट्या इमारती गल्लोगल्ली आहेत. तिथे सगळा भार तुमच्या वकिलाच्या सर्च रिपोर्टवर असतो, म्हणून तो वकील बिल्डरने सुचवलेला नसावा.

बँकेतले खर्च

यावर फार लिहीत नाही. प्रोसेसिंग फी बँकेगणिक बदलते, आणि दसरा-दिवाळी-पाडव्याच्या सुमारास पुष्कळदा कमी करतात किंवा माफ करतात, तेव्हा विचारून बघायचं. तिच्यावर १८ टक्के जीएसटी असतो. कर्ज मिळाल्यावर घराचे मूळ कागद बँकेत ठेवतात. त्या गहाणाचं मुद्रांक शुल्क पाच लाखांपुढच्या कर्जाला ०.३ टक्के. आमच्या २४ लाखांना ७,२०० आले. त्याची नोटीस तीस दिवसांत रजिस्टर ऑफिसला द्यायची असते, ते बँकेचाच माणूस करून घेतो.

विमा मात्र नीट बघा. कर्जासोबत एकरकमी हप्त्याची पॉलिसी समोर ठेवली जाते, आणि तो हप्ता कर्जातच मिळवतात, म्हणजे वीस वर्षं त्या हप्त्यावरही व्याज. आम्हालाही सक्तीची आहे असंच सांगण्यात आलं होतं. ती सक्तीची नसते. कर्ज घेणाऱ्याच्या माघारी कुटुंबावर बोजा येऊ नये यासाठी विमा हवाच, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण साधा टर्म विमा वेगळा घेतला तर कमी पैशांत होतो आणि कर्ज दुसऱ्या बँकेत नेलं तरी चालू राहतो.

बदलत्या व्याजदराचं गृहकर्ज वैयक्तिक नावावर असेल तर मुदतीआधी फेडण्याचा दंड नसतो. दिवाळीचा बोनस त्यात भरता येतो. आम्ही भरला.

करसवलत: जिच्या भरवशावर घर घेऊ नये

आता तो हिशेब. लोक अजून म्हणतात, कर्ज काढ, टॅक्स वाचेल. पंधरा वर्षांपूर्वी हे बरोबर होतं.

जुन्या करपद्धतीत घरासाठी मुख्य सवलती दोन. कलम ८०-सी खाली वर्षाला दीड लाखापर्यंत, त्यात कर्जाचं मुद्दल येतं, आणि मुद्रांक शुल्क व नोंदणी फीसुद्धा येते, पण ज्या वर्षी भरली त्याच वर्षी. पीएफ, विमा, मुलांची फी सगळं त्याच दीड लाखात बसवायचं असतं, त्यामुळे नोकरदाराची जागा अर्धी आधीच भरलेली असते. घर ताबा मिळाल्याच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत विकलं तर ही सवलत उलटते आणि घेतलेली रक्कम उत्पन्नात परत मिळवली जाते. दुसरी, कलम २४ खाली राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत. ताब्याआधी भरलेलं व्याज ताब्यापासून पाच समान हप्त्यांत मागता येतं, पण दोन लाखांच्या आतच. कर्ज घेतलेल्या वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत बांधकाम पूर्ण झालं नाही तर हे दोन लाख घसरून तीस हजारांवर येतात. रखडलेल्या प्रकल्पात पैसे अडकलेल्यांचं हे दुसरं नुकसान. नवरा-बायको दोघं मालक आणि दोघं कर्जदार असतील तर दोघांना या मर्यादा स्वतंत्र मिळतात.

एजंट साडेतीन लाख व्याज माफ म्हणून सांगतात, ती जास्तीची दीड लाखाची सवलत ८०-ईईए ची. ती ३१ मार्च २०२२ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच आहे. आज कर्ज काढणाऱ्याला नाही.

१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकराचा २०२५ चा कायदा लागू होतो, त्यात ८०-सी चं कलम १२३ झालं आहे. फॉर्मवर वेगळा आकडा दिसला तर गोंधळू नका.

नव्या करपद्धतीत मात्र राहत्या घराच्या व्याजाची आणि ८०-सी ची, दोन्ही सवलती नाहीत. आणि तुम्ही काही सांगितलं नाही तर कार्यालय तुम्हाला नव्या पद्धतीतच धरतं. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत करपात्र उत्पन्नावर करच नाही. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून १२ लाख ७५ हजार. माझा पगार वर्षाला ४ लाख २० हजार, नवऱ्याचा ६ लाख. आम्हा दोघांना नव्या पद्धतीत कर शून्य. ज्याला करच नाही त्याला करात सवलत कसली मिळणार?

मग नवऱ्याचं नाव मालकीत घालून त्याच्यासाठी करसवलत राखण्यात अर्थ नव्हता. एक टक्क्याचे ३१ हजार २०० मात्र रोख वाचत होते. त्याने कागदावर दोन्ही आकडे लिहिले आणि म्हणाला, तुझ्याच नावावर घेऊ. सासूबाईंनाही त्याने तोच कागद दाखवला. सोलापुरात ज्यांचे पगार साडेबारा लाखांच्या आत आहेत, आणि ते खूप आहेत, त्यांनी हा हिशेब स्वतः करून बघावा.

जास्त पगार असेल तर? पंधरा लाख पगाराचं उदाहरण घ्या. नव्या पद्धतीत ७५ हजार वजा जाऊन १४ लाख २५ हजारांवर कर उपकरासह ९७,५०० येतो. जुन्या पद्धतीत ५० हजार प्रमाणित, दीड लाख ८०-सी आणि दोन लाख व्याज वजा केले तरी ११ लाख उरतात, त्यावर कर १,४८,२००. घराच्या दोन्ही सवलती पूर्ण घेऊनही जुनी पद्धत पन्नास हजारांनी महाग पडते. आणि स्वतःच्या घरात राहायला गेल्यावर घरभाड्याची सवलतही थांबते.

घर भाड्याने द्यायचं असेल तर गोष्ट थोडी वेगळी आहे. भाड्यातून घरपट्टी आणि ३० टक्के वजावट झाल्यावर जे उरतं त्यातून व्याज नव्या पद्धतीतही वजा करता येतं. व्याज भाड्याहून जास्त असलं तरी तो तोटा पगारातून मात्र वळता होत नाही.

व्यवहार ५० लाख किंवा त्याहून मोठा असेल तर किमतीतून १ टक्का टीडीएस कापून सरकारला भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची असते, त्यासाठीच्या फॉर्मवर, कापलेला महिना संपल्यापासून तीस दिवसांत. हा तुमचा जास्तीचा खर्च नाही, विकणाऱ्याच्या रकमेतूनच जातो. पण भरला नाही तर दंड तुम्हाला.

बहिणीला खरोखर मिळू शकतं ते

करसवलत नाही, तर मग पहिल्या घराला सरकारकडून काहीच नाही का? आहे, आणि ती माझ्यासाठी नाही पण बहिणीसाठी आहे. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मधली व्याज अनुदानाची योजना. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत हवं. आमचं १० लाख २० हजार, म्हणून आम्ही बाहेर. तिच्या घरचं ६ लाख ४० हजार. घराचं मूल्य ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, कार्पेट १२० चौरस मीटरपर्यंत. नवरा, बायको आणि अविवाहित मुलं, यांपैकी कोणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. गावाकडच्या घराचा उतारा नवऱ्याच्या नावावर झालेला असेल तर तो इथे आड येतो, हे आधीच बघून घ्या. कर्ज १ सप्टेंबर २०२४ नंतर मंजूर झालेलं हवं.

कर्जाच्या पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याजाचं अनुदान, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये, पाच वार्षिक हप्त्यांत थेट कर्जखात्यात. हप्ता येतेवेळी कर्ज चालू असलं पाहिजे आणि मुद्दल निम्म्याहून जास्त शिल्लक असलं पाहिजे. म्हणून मी तिला सांगितलं, आमच्यासारखी घाईने मुद्दल फेडू नकोस, आधी हे पाच हप्ते येऊ देत. घर बाईच्या नावावर असलेलं या योजनेलाही चालतं, त्यामुळे एक टक्का आणि अनुदान दोन्ही एकत्र बसतात.

ही योजना कर्ज मिळाल्यावर आपोआप लागत नाही. अर्ज करावा लागतो, आणि बँक त्यात सहभागी असावी लागते. कर्जाची बँक निवडतानाच हा प्रश्न विचारायचा. आपल्याकडे आवास योजना म्हटली की सगळ्यांना कुंभारीचं रे नगर आठवतं. जानेवारी २०२४ मध्ये तिथे पंधरा हजार कामगारांना घरं मिळाली. तो योजनेचा वेगळा भाग होता. बाजारातून स्वतः फ्लॅट घेणाऱ्यालाही काही मिळतं, हे त्यामुळे बाजूला राहिलं.

जुना फ्लॅट किंवा हद्दवाढ भागातली जागा

बहिणीचा दुसरा पर्याय शेळगीतलं एक जुनं बैठं घर होता. १९९२ च्या हद्दवाढीत जी गावं महापालिकेत आली तिथे गुंठेवारीचे प्लॉट भरपूर आहेत. तुकड्यांची खरेदी झालेली, बांधकाम परवाना नाही, आणि नियमितीकरण झालेलं आहे की नाही हे विकणाऱ्यालाही धड सांगता येत नाही. घर स्वस्त दिसतं, पण बँक कर्ज नाकारते. मग किमतीच्या वरचा खर्च मोजण्यातही अर्थ उरत नाही, कारण संपूर्ण किंमतच रोख लागते. नियमितीकरणाचा दाखला हातात असल्याशिवाय विसार देऊ नका.

सोसायटीतला जुना फ्लॅट असेल तर हस्तांतर शुल्क महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार. त्याच्या वर देणगी म्हणून मागितलं तर नियम विचारा. घरपट्टी, पाणीपट्टी आणि महावितरणची थकबाकी नसल्याच्या पावत्या रजिस्ट्रीच्या आधी घ्या. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, तेव्हा नळजोड कोणाच्या नावावर आहे आणि खालची टाकी किती लिटरची आहे, हे फरशी बघण्याआधी बघा. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय का, हेही विचारा. आमच्याकडे धरलेला नव्हता.

रजिस्ट्री झाली की इंडेक्स टू ची, म्हणजे नोंदणीच्या सारांश उताऱ्याची, प्रत घ्या आणि महापालिकेच्या कर विभागात नाव लावायचा अर्ज द्या. मी पंधरा दिवसांत दिला.

बहिणीचं पान आता असं झालंय: किंमत २६ लाख, मुद्रांक ५ टक्क्यांनी १ लाख ३० हजार, नोंदणी २६ हजार, जीएसटी २६ हजार किंवा शून्य, बँक आणि बिल्डरचे मिळून एक लाख. म्हणजे २ लाख ५६ हजार ते २ लाख ८२ हजार. विसार तिने पुढे ढकलला आहे. भोगवटा प्रमाणपत्राची प्रत बिल्डरकडे मागितली आहे, रेडी रेकनरचं मूल्य काढून बघितलंय, आणि सोमवारी पॅनवरचं आडनाव बदलायला टाकतेय.